मनगटावर की कपाटात?

मुलासाठी घेतलेलं घड्याळ तो मोठा होईपर्यंत बापाने वापरावं की जपून ठेवावं? माझं मत वापरण्याकडे. एचएमटी या सरकारी कंपनीने १९६१ पासून बंगळुरात चावीची घड्याळं बनवली. तसलं घड्याळ वर्षानुवर्षं पडून राहिलं, की यंत्रातलं तेल सुकून चिकट होतं. सेलच्या घड्याळाचं तर विचारूच नका, जुना सेल आतच पाझरतो. उंद्रीसारख्या गावात सोयाबीन काढणीची धूळ, घाम, ओरखडे हा आक्षेप खरा. मग मळणीपुरतं ते घरी राहू द्या. हरवलं तर? कुलपातलंही चोरीला जातंच. शिवाय मुलाला ते आवडेल, याची हमी कोणी दिलीय? प्लॅस्टिकच्या काचेवरचा बारीक ओरखडा घासून निघतो. पडून गंजलेल्या यंत्राला मात्र सुटा भाग शोधत फिरावं लागतं, आणि एचएमटी वॉचेस बंद करायला सरकारने २०१६ मध्येच मंजुरी दिली.