गिरमिटाचं भोक

घनसावंगी तालुक्यात मामांच्या बांधावर एक चंदन आहे. परवा त्याच्या बुंध्याला करंगळी जाईल एवढं भोक दिसलं. मला वाटलं, कीड. मामा म्हणाले, "चोरांनी गिरमिट लावून बघितलं. गाभा धरला नाही अजून, म्हणून सोडलं. येतील परत." मामांना स्वतःचं झाड तोडायला परवानगी लागते, १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्यात चंदनाचं नाव आहे. चोरांचं तसं काही अडत नाही.

हे झाड कुणी लावलेलं नाही. बुलबुल काळी-जांभळी फळं खातात, बाभळीवर येऊन बसतात, खाली चंदन उगवतं. तिथं ते बाभळीच्याच मुळांना मुळं भिडवून अन्नपाणी ओढतं. लागवड करणारे म्हणून शेजारी तूर पेरतात. जवळच जांब, १६०८ साली रामदास जन्मले ते. मनाच्या श्लोकांतून चंदनाचं झिजणं त्यांनी घरोघर पोचवलं. मुळांचा हा उद्योग मात्र कुणी पाठ करून घेतला नाही. मला तर त्यामुळेच चंदन जवळचं वाटायला लागलं. नुसती झिजणारी माणसं घरात असली की फार जपून वागावं लागतं.

आजोबा सहाणेला कुणाला हात लावू देत नसत. पळीभर पाणी, खोड किंचित तिरपं, आणि सावकाश गोल. आधी नुसतं गढूळ पाणी फिरायचं, मग कडेनं गंध दाटायचं आणि वास माजघरापर्यंत यायचा. मी जोर लावला की म्हणायचे, "लाकूड कापायचंय का?" वर्षानुवर्षं घासून खोड एका अंगानं उतरतं झालं होतं. पैठणला नाथांच्या घरी देव श्रीखंड्या होऊन बारा वर्षं राबला, पाणी भरलं, गंध उगाळलं, ही गोष्ट सांगताना आजोबा भलत्याच हिशेबात शिरत: बारा वर्षांत खोडं किती लागली असतील, आणि नाथांनी ती आणली कुठून?

आजोबा गेले तेव्हा सरणावर ठेवायला चंदन हवं होतं. बाजारातून तुकडा आणला. पांढरट लाकूड, वरून अत्तर चोळलेलं. कुणीतरी देवघराकडे बघितलं. आजी म्हणाली, "ते नाही मिळायचं. उद्या देवाला काय लावू?"