मिरामारची संयुक्त जबाबदारी

पणजी शहराच्या पश्चिमेला, मांडवी जिथे अरबी समुद्राला मिळते तेथे मिरामारचा किनारा आहे. पोर्तुगीज अमदानीत यालाच गास्पार दियश म्हणत. जवळच भाऊसाहेब बांदोडकरांची समाधी आणि नदीमुखापलीकडे आग्वादचा किल्ला. बँकेत असताना तपासणीच्या कामाने दोन-तीनदा येथे येणे झाले; संध्याकाळी वाळूत बसून परतलोही. १३ नोव्हेंबर २०२२ च्या पहाटे मात्र मी तेथे उभा होतो तो वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, पळण्याचे बूट घालून.

निमित्त होते ‘आयर्नमॅन ७०.३’ या स्पर्धेचे. गोव्यात ती २०१९ साली प्रथम झाली. नंतरची दोन वर्षे महामारीत गेली. समुद्रात १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे, हे सर्व साडेआठ तासांत. तिन्हींची बेरीज ७०.३ मैल भरते, म्हणून हे नाव. एकट्याने हे करणारे हजारभर वीर तेथे होते. आमच्यासारख्यांसाठी सोय होती ती ‘रिले’ची : तिघांनी एकेक टप्पा वाटून घ्यायचा.

खेळ तसा जुना नाही. १९७४ मध्ये सॅन डिएगोच्या मिशन बे येथे पहिली ट्रायथलॉन झाली. १९७८ साली हवाईमधील पहिल्या आयर्नमॅनला पंधरा जण उतरले आणि बारा जणांनी ती पूर्ण केली. सिडनीत २००० साली हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला आणि टोकियोत मिश्र रिलेही सुरू झाली. त्या रिलेत मात्र प्रत्येक खेळाडू तिन्ही प्रकार थोडे थोडे करतो.

आमच्या संघात पोहायला पुतणी, सायकलला तिचे वडील, म्हणजे माझे धाकटे बंधू, आणि धावायला मी. संघ पुतणीने जमवला होता आणि नाव नोंदवून झाल्यावरच दोघांना कळवले होते. यामागचा तिचा हेतू वाचकांच्या लक्षात येण्यासाठी एक कौटुंबिक गोष्ट सांगावी लागेल. वडिलांच्या पश्चात शेतीची वाटणी झाली ती रीतसर, पण सामाईक विहिरीच्या पाणीपाळीवरून आम्हा भावांत बिनसले. त्याच विहिरीत पाठीला भोपळा बांधून आम्ही दोघे पोहायला शिकलो, पुढे ही मुलगीही तिथेच शिकली. नऊ वर्षे आमचे बोलणे लग्नकार्यापुरते उरले होते. कोल्हापूरहून आंबोलीमार्गे गोव्याला येताना एकाच मोटारीत बसलो, तेव्हाही उसाचा दर आणि घाटातले धुके यांपलीकडे विषय गेला नाही.

आदल्या दिवशी इतर स्पर्धक रात्रीच्या जेवणाची चर्चा करत असता आमचे तिघांचे जेवण सूर्यास्तापूर्वीच उरकले होते. या एका बाबतीत दोन्ही घरांचे कधी दुमत नव्हते!

रिलेत हाती काठी नसते. घोट्याला बांधलेला वेळ मोजणाऱ्या चिपचा पट्टा, हीच काठी. पोहणाऱ्याने तो सायकलवाल्याला द्यायचा, त्याने धावणाऱ्याला. एकाला विहित वेळ साधली नाही की तिघेही बाद. बँकेत सहकर्जदारांकडून ‘संयुक्त व वैयक्तिक’ जबाबदारीच्या कागदांवर मी उभा जन्म सह्या घेतल्या; त्या शब्दांचा अर्थ सायकली लावण्याच्या त्या आवारात उभे राहून कळला.

पुतणी ४७ मिनिटांत पाण्याबाहेर आली. वाळूतून धापा टाकत येऊन तिने पट्टा वडिलांच्या घोट्याला बांधला आणि ते गेले. आता मला साधारण पावणेचार तास वाट पाहायची होती. ही प्रतीक्षा हाच धावणाऱ्याचा खरा छळ. शरीर तयार, मन थकलेले. आजूबाजूच्या संघांचे सायकलस्वार येत होते, धावणारे निघत होते. चार तास झाले. सुरुवातीपासून साडेपाच तासांच्या आत सायकल परतली नाही तर पुढे जाता येत नाही. आवारात मोजकेच धावपटू उरले. प्रथम मनात आला तो हिशेब, आणि मग भीती. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, हे ऊन, वाहता घाम. नऊ वर्षांत त्यांच्या प्रकृतीची मी एकदाही चौकशी केलेली नव्हती.

अखेर ते दिसले. पाच तास सोळा मिनिटे झाली होती. वाटेत चाक पंक्चर झाले होते, ते स्वतःच बदलून पुढे आले होते. सायकल लावली आणि दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले; वाकता येईना. पट्टा घोट्यालाच. मी खाली बसलो आणि त्यांच्या पायाचा पट्टा सोडू लागलो.

“अहो अण्णा, हे काय करता? मी काढतो.”

“गप उभा राहा,” मी म्हणालो.

माझे हात थरथरत होते, वेलक्रो सुटेना. घामाने आणि रस्त्याच्या धुळीने तो पाय माखला होता. लहानपणी विहिरीच्या पायऱ्यांवर याच पायातला बाभळीचा काटा मी काढला होता. पट्टा माझ्या घोट्याला आला आणि मी निघालो.

धावण्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. साडेबाराचे गोव्यातले ऊन, समुद्रालगतच्या फेऱ्या, प्रत्येक टेबलाशी डोक्यावर बर्फाचे पाणी. निम्म्याहून अधिक अंतर मी चाललो असेन. शेवटच्या फेरीत रस्त्याकडेची एक गोवेकर बाई “काका, पाव, पाव!” असे काहीसे ओरडली. कोंकणीत तिने पोहोचाल म्हटले, की दम घ्या म्हटले, ते आजतागायत कळलेले नाही. अंतिम रेषेच्या अलीकडे पुतणी उभी होती आणि तिच्या खांद्यावर हात टाकून लंगडणारे बंधू. आम्ही तिघे एकदम आत गेलो. आठ तास बावीस मिनिटे.

परतताना आंबोलीत चहाला थांबलो. बंधू बशीतला चहा फुंकत म्हणाले, “अण्णा, विहिरीतला गाळ या उन्हाळ्यात काढायला हवा. तुम्ही याल का?”

“येतो. खर्च निम्मा-निम्मा,” मी म्हणालो.

पुतणी मोटारीच्या टपावरच्या सायकलीचे पट्टे पुन्हा आवळत होती. ते आधीच घट्ट होते.