आजीच्या वहीतील परके

डिलाईल रोड, मुंबई

चि. बाळ,

मध्यरात्री उठून, परळच्या रुग्णालयातल्या कोणा अनोळखी बाईसाठी तू रक्त देऊन आलास हे वाचून ऊर भरून आला. आणि त्याच पत्रात पुढे, ही सारी 'जनुकांची दिशाभूल' असे लिहून तू मोकळा झालास, याचा तितकाच राग आला. जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टनने 1964 साली मांडलेला सिद्धांत मला मान्य आहे: सख्ख्या भावंडांत सरासरी अर्धा वारसा समाईक, चुलत भावंडांत आठवा हिस्सा, आणि त्या हिश्श्याने गुणलेला आप्ताचा लाभ आपल्या झिजेहून अधिक भरला तर असा त्याग निसर्गात टिकतो. आमच्या बीडीडी चाळीतल्या गावकीच्या गाळ्यात गाववाल्याला वळकटी टाकण्यापुरती जागा मिळे, त्यात हे गणित थोडेफार दिसतेही.

परंतु पूर्वी माणसे आप्तांच्याच लहान टोळ्यांत राहत, म्हणून आजही मन परक्याला चुकून आप्त समजते, हा खुलासा एकदा तुझ्या आजीला लावून पाहा. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचे पगार थांबले आणि तिच्या खाणावळीची उधारी फुगत गेली, तेव्हा कोण कोणत्या तालुक्याचा, कोणत्या खात्यातला, कोणाकडे किती बाकी, हे तिच्या वहीत तारीखवार नोंदलेले होते. परका कोण हे जिला इतके बिनचूक ठाऊक, तिची दिशाभूल कसली? जीवशास्त्रज्ञ ट्रिव्हर्सने 1971 साली सांगितलेली परतफेडीची आशा म्हणशील, तर कायमचे गावी निघालेल्यांना तिने तगाद्याऐवजी वाटेची भाकरी का बांधून दिली? मीही त्याच वहीतला. तुझ्या घराण्याशी माझे रक्ताचे नाते तिळमात्र नाही. माया कशी उपजली हे हॅमिल्टन सांगेल, पण तिची हद्द कोठवर न्यायची याचा निवाडा एका पंगतीला बसणारी माणसे करतात, असे मी आजन्म मानत आलो आहे.

ती बाई आणि तू दोघेही 'बॉम्बे' रक्तगटाचे, म्हणून एका जनुकाने स्वतःलाच मदत केली, हा तर्क तर तुला मुळीच शोभत नाही. 1952 साली डॉ. भेंडे व सहकाऱ्यांनी मुंबईतच प्रथम नोंदवलेल्या या गटात रक्तपेशींवर 'एच' द्रव्य तयार होत नाही, एवढेच त्या जनुकाचे कर्तृत्व. अंथरुणातून उठून रुग्णालय गाठण्याची बुद्धी ते देत नाही.

आणि हे लिहिताना जीव खालीवर होतो आहे. नेहमीच्या चाचणीत हे रक्त 'ओ' म्हणून खपून जाते, आणि अशा माणसाला 'ओ' गटाचे रक्त चढवले तर प्राणावर बेतते. तुझ्या सख्ख्या बहिणीचा गट 'बॉम्बे'च असण्याचा संभव निदान 4 पैकी 1 आहे. तिच्या कार्डावर 'ओ' लिहिलेले मी पाहिले आहे, आणि तिचे दिवस भरत आले आहेत. उद्याच तिला रक्तपेढीत ने, 'एच'ची चाचणी करा असे स्पष्ट सांग, आणि निकाल कळताच मला फोन कर. तू स्वतः तीन महिन्यांच्या आत पुन्हा रक्त देऊ नकोस.

तुझा
काका