फळ्यासमोरची दहा मिनिटं

आज दिवसभर मुलाखतींना बसलो होतो. सिव्हिलच्या सहायक प्राध्यापकाच्या जागा. एआयसीटीईच्या 2019च्या नियमांप्रमाणे बी.ई. आणि एम.ई. हवं, दोन्हींपैकी एकात प्रथम श्रेणी. नेट-सेट इथे लागत नाही. पीएच.डी. या पायरीवर सक्तीची नाही. सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर ती हवीच, शिवाय 8 वर्षांचा अनुभव. हे सगळं छाननीतच उरकतं.

माणूस कळतो तो फळ्यासमोर. दुपारी एक मुलगी आली. तासिका तत्त्वावर चार वर्षं काढलेली. मी म्हटलं, "बेंडिंग मोमेंट शिकवा. आम्ही दुसऱ्या वर्षाची पोरं आहोत असं समजा." तिनं खडू उचललाच नाही. पर्समधून प्लॅस्टिकची पट्टी काढली, दोन डस्टरांवर आडवी ठेवली आणि मधोमध बोटानं दाबली. "कुठे मोडेल, सांगा?" मग आकृती, मग डब्ल्यू एल भागिले चार. माझ्या शेजारचे ज्येष्ठ सर पुढे झुकून बघत होते.

तिच्या नावावर शोधनिबंध एकच. दुसऱ्या उमेदवाराचे नऊ, पण स्वतःच्याच निबंधातला आलेख त्याला समजावता येईना. मूल्यांकनाच्या तक्त्यात ते नऊ भारी पडतात, हे मला माहीत आहे. तरी मी तिलाच जास्त गुण दिले आणि शेऱ्यात पट्टीचं लिहिलं. तासाच्या हिशेबानं पैसे घेऊन, सुट्टीत बिनपगारी राहूनही जिचं शिकवण्यातून मन उडालं नाही, तिला कायमची जागा मिळायलाच हवी. निकाल सोमवारी. झोप येत नाहीये.