प्रश्न नीट वाचा!

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मधे घरात एक प्रकार घडला. सांगावा की नको, असं चाललं होतं, कारण आमचे चिरंजीवही इथे डोकावतात. पण आज लिहूनच टाकते.

गेल्या डिसेंबरात मुलगा न्यू जर्सीहून आला, तेव्हा ह्यांच्या गुडघ्यासाठी हीटिंग पॅड घेऊन आला. मऊ, निळा, मांडीवर पसरता येईल एवढा. तो होता तोवर गडबडीत पॅड पिशवीतच राहिला. तो गेल्यावर मी काढला. त्याच्या दोन चपट्या पिना आपल्या प्लगात जाईनात. कोपऱ्यावरच्या दुकानातून कन्व्हर्जन प्लग आणला, पिना बसल्या, लाल दिवा लागला. मला कोण आनंद! ह्यांच्या पायाखाली पॅड ठेवला आणि मी भाजी चिरायला बसले.

दहाएक मिनिटांत कपडा करपल्यासारखा वास आला. धावत जाऊन बटण बंद केलं. पॅडचं कव्हर मधोमध पिवळं पडलं होतं आणि ह्यांच्या पोटरीवर रुपयाएवढा फोड. हे मात्र शांतपणे पेपर वाचत होते. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली आहे, त्यांना कळलंच नाही. माझ्या पोटात गोळा आला. आणखी पाच मिनिटं मी स्वयंपाकघरात असते तर?

डॉक्टर रागावले. संवेदना कमी असलेल्या पायाला असा शेक द्यायचाच नसतो, पॅड कुठलाही असो, हे तेव्हा कळलं. फोड भरायला तीन आठवडे लागले.

मग माझा एक जुना विद्यार्थी आला. दहावीला मराठीत काठावर पास झालेला, आज उत्तम वायरमन आहे. त्याने पॅड उलटा केला आणि त्यावरचं बारीक अक्षर मला दाखवलं: 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ, 50 वॉट.

"बाई, आपल्याकडे 230 व्होल्ट. ह्या प्लगाने फक्त पिनांचा आकार बदलतो, वीज तीच राहते. दाब जवळजवळ दुप्पट झाला की तारेतून प्रवाहही तेवढाच वाढतो, म्हणून उष्णता पावणेचारपट. तुमचा 50 वॉटचा पॅड 180 वॉटने तापत होता!"

मी वही घेऊन बसले. त्याने शिकवलं ते थोडक्यात देते, कारण हल्ली प्रत्येक घरात परदेशी वस्तू असतात.

मोबाइल, लॅपटॉपच्या बहुतेक चार्जरवर 100 ते 240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ असं लिहिलेलं असतं. ते असेल तर नुसता प्लग बदलून चालतं. फक्त 120 किंवा 110 लिहिलं असेल (जपानी वस्तूवर 100) तर व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि त्याची वॉटची क्षमता वस्तूपेक्षा चांगली जास्त हवी. केस वाळवायचं यंत्र, इस्त्री अशा दीड-दोन हजार वॉट खाणाऱ्या वस्तूंना एवढा अवजड ट्रान्सफॉर्मर घेण्यापेक्षा त्या इथेच विकत घ्याव्यात. शिवाय ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट बदलतात, हर्ट्झ नाही. त्या विजेच्या तालावर चालणारं अमेरिकन घड्याळ इथे तासाला दहा मिनिटं मागे पडतं. आणि तीन पिनांची वस्तू दोन पिनांच्या प्लगात कधी अडकवू नये. तिसरी पिन अर्थिंगची, ती शोभेला नसते.

उलटाही प्रकार मी करून चुकले आहे. 2003 साली मुलगा पहिल्यांदा निघाला तेव्हा माझा मिक्सर मी हट्टाने त्याच्या बॅगेत कोंबला होता. तिकडे तो नुसता कुंथत फिरला, चटणी काही वाटली गेली नाही. परदेशी जाणाऱ्यांसाठी 110 व्होल्टचे मिक्सर आपल्याकडे मिळतात, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

चौतीस वर्षं वर्गात एकच घोकत आले, "मुलांनो, आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा." आणि स्वतः मात्र चार शब्द वाचले नाहीत. का? मुलाने आणलंय ना, मग चांगलंच असणार! मायेने आणलेल्या वस्तूवरची सूचना कोण वाचतं?

काल रात्री फोनवर त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई, मी तरी कुठे वाचलं होतं?"

असो. पॅड टाकवत नाही म्हणून कपाटात ठेवला आहे, पण वायर कापून. तुमच्या घरी असं काही आलेलं असेल, तर आज जरा उलटं करून बघा. अक्षर बारीक असतं, चष्मा लावा.