टिंबांची रांग

एक टिंब म्हणजे एक किलोबाइट. दहा टिंबांचा एक घोळका, मग जराशी मोकळी जागा, असे पाच घोळके झाले की ओळ संपायची आणि तिच्या टोकाला टक्का उमटायचा. फाइल उतरवताना जुना डब्ल्यूगेट पडद्यावर अशी टिंबं मांडत जायचा. एक एमबीला साडेवीस ओळी. 56 के मोडेमवर सेकंदाला चार टिंबं पडू लागली की आज लाइन छान आहे म्हणायचो आणि चहा टाकायचो.

ही 2002च्या आगेमागेची गोष्ट. दादाने तपकीर गल्लीतून एकेक भाग आणून सेलेरॉनचा संगणक जोडला होता, आणि त्यावर पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर आलेल्या सीडीतलं लिनक्स चढवलं होतं. फोन दिवसा घरचा, रात्री आमचा. आई दिवे मालवताना विचारायची, "किती राहिलं रे?" दादा टक्का वाचून सांगायचा, तेवढ्यावर ती निश्चिंत होऊन झोपायला जायची. काम किती झालं हे दाखवणारा टक्का माणसांना हवासा वाटतो, असं ब्रॅड मायर्स या संशोधकाने 1985 साली प्रयोग करून मांडलं होतं. आमच्या घरात ते रोज रात्री दिसायचं. मध्येच लाइन तुटली तरी फार बिघडत नसे. त्याच आज्ञेला '-सी' जोडायचं, की डब्ल्यूगेट उतरलेला भाग तपासून उरलेल्या बाइटपासून पुढे चालू लागायचा. ह्र्वोये निकशिच नावाच्या क्रोएशियन तरुणाने 1996 साली हे साधन लोकांपुढे ठेवलं. कमकुवत लाइनवर काम करणाऱ्यांची त्याने किती काळजी घेतली होती, हे ज्याने अर्धवट फाइल घेऊन रात्र काढली आहे त्यालाच कळेल.

पुढे टिंबांच्या जागी पट्टी आली. बरोबरीच्या चिन्हांची रेघ, पुढे बाणाचं टोक, आणि सगळं एकाच ओळीत. ओळ खाली न सरकता जागच्या जागी कशी बदलते, याचं मला मोठं नवल वाटे. ते उलगडून सांगितलं बाबांनी. तरुणपणी रेमिंग्टनवर मराठी टायपिंगची परीक्षा दिलेला माणूस तो. "दांडी ओढली की कॅरेज सुरुवातीला येतं आणि कागदही एक ओळ वर सरकतो. इथे कागद सरकवलेला नाही, एवढंच," ते म्हणाले. अगदी तसंच होतं. संगणकाच्या अक्षरसंचातलं 13 क्रमांकाचं चिन्ह कर्सर ओळीच्या आरंभी नेतं, 10 क्रमांकाचं खालच्या ओळीवर. नुसतं 13 पाठवलं की जुन्या अक्षरांवर नवी अक्षरं बसतात, आणि पट्टी वाढताना दिसते. संगणकाला कधी हात न लावलेल्या बाबांनी ते बसल्या जागी ओळखलं, त्याचा अभिमान मला अजून वाटतो.

या सगळ्यात माझा सर्वांत लाडका होता एमप्लेअर. 2000 साली अर्पाद गेरेफी या हंगेरियन मुलाने तो सुरू केला. चित्रपट चालू असताना टर्मिनलमध्ये त्याचीही एक ओळ जागच्या जागी धावत असे: आवाज कितव्या सेकंदावर, चित्र कितव्यावर, दोघांत अंतर किती. यंत्राला झेपेनासं झालं की तो चौकट आखून स्पष्ट सांगायचा, हे चालवायला तुमचा संगणक फार संथ आहे. आणि तेवढ्यावर सोडून द्यायचा नाही. कारणं काय असू शकतील, कोणते पर्याय करून पाहावेत, हेही खाली लिहायचा. '-व्हीओ हेल्प' म्हटलं की चित्र बाहेर काढण्याचे सगळे मार्ग ओळीने हजर. 'एक्स11' घेतला तर चित्र मोठं करण्याचं ओझं प्रोसेसरवर पडे. 'एक्सव्ही' घेतला तर ते काम ग्राफिक्स कार्ड उचले आणि अडखळणारा सिनेमा पूर्ण पडद्यावर लोण्यासारखा चाले. ज्या संध्याकाळी आमच्या कार्डावर एक्सव्ही पहिल्यांदा चाललं, त्या संध्याकाळी दादाने सगळ्यांसाठी बटाटेवडे आणले.

त्याच यादीत 'एए' होता. यान हुबिच्का आणि सोबत्यांच्या एएलिबवर चालणारा हा मार्ग चित्राचे ठिपके दाखवतच नाही, तो अक्षरं दाखवतो. उजेड असेल तिथे भरगच्च अक्षर, सावलीत टिंब किंवा कोरी जागा. आम्ही लिलो या बूटलोडरच्या मांडणीत 'व्हीजीए=791' लिहून ठेवलं होतं. त्यामुळे साध्या मजकुराच्या पडद्यावर 80 अक्षरांच्या 25 ओळींऐवजी 128 अक्षरांच्या 48 ओळी मिळत. चित्र रंगवायला तिप्पट अक्षरं.

एका दिवाळीत दादाने 'अशी ही बनवाबनवी'ची व्हीसीडी घातली आणि '-व्हीओ एए' देऊन दुसरा ट्रॅक लावला, कारण व्हीसीडीत पहिला ट्रॅक माहितीचा असतो, सिनेमा दुसऱ्यापासून. फराळाचं ताट घेऊन आजी येऊन बसली. पडद्यावर नुसती अक्षरं वळवळत होती. क्षणभर तिने डोळे बारीक केले, आणि पदर सावरत चालणारी अक्षरांची एक आकृती दिसताच म्हणाली, "अरे, हा तर लक्ष्या! पार्वती झालाय!" मग अशोक सराफ, मग सचिन, तिने एकेकाला उभं राहण्याच्या ढबीवरून ओळखलं. शेजारची मुलंही आली. त्या सीडीचा शेवट होईपर्यंत कुणी हललं नाही. एका झेक विद्यार्थ्याने लिहिलेली लायब्ररी, एका हंगेरियन मुलाचा प्लेअर आणि सदाशिव पेठेत चकली खात बसलेली आमची आजी: असं काही जुळून येतं, याची आम्हाला किती मौज वाटली होती!

आता प्लेअरला असं काही सांगावं लागत नाही. सिनेमा आपोआप सुरू होतो, आणि वाट पाहायची वेळ आली तर एक वर्तुळ फिरत राहतं. किती झालं, किती उरलं, काही कळत नाही. मला ते आवडत नाही. म्हणून मोठी फाइल हलवताना मी आजही अँड्र्यू वूड यांचं पीव्ही हे साधन मध्ये लावतो, ते वेग आणि उरलेला वेळ दोन्ही दाखवतं. नक्कल करणाऱ्या डीडी या आज्ञेला 2015 साली 'स्टेटस=प्रोग्रेस' मिळालं, तेव्हा दादाला रात्री फोन करून सांगितलं होतं.

एमप्लेअरच्या वंशातला एमपीव्ही टर्मिनलमध्ये रंगीत चौकटींनी सिनेमा दाखवतो. त्यासाठी 'टीसीटी' म्हणून व्हीओ आहे. भाचीला तोच पसंत आहे, त्यात साड्यांचे रंग कळतात म्हणते. दादा आणि मी मात्र एएच्याच बाजूचे. यंदाच्या भाऊबीजेला दोन्ही लावून बघायचं ठरलं आहे.