गोल्फचं मैदान राहू द्या

महापालिकेच्या शाळेत खेळाचा तास घेणाऱ्या बाईने गोल्फ क्लबची बाजू घ्यावी, हे माझ्या जुन्या सहकाऱ्यांना अजून पटत नाही. त्यांचं काही चुकतं असं मी म्हणणार नाही. गिरगावात मुलांना कवायतीसाठी एका रांगेत उभं केलं की रांगेचं शेवटचं टोक जिन्यात जायचं. खो-खोचे खांब रोवायला माती नाही, म्हणून फरशीवर खडूने चौकोन आखायचा. आणि तिथून बसने थोडं पुढे, ताडदेवला, विलिंग्डन क्लबचं अठरा होलचं मैदान भिंतीआड पसरलेलं. ती भिंत पाडा आणि मुलांना आत सोडा, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आले. चाळीच्या सभांमध्ये बोलले, निवेदनांवर सह्या केल्या, सह्या गोळाही केल्या.

आता मी ती सही करणार नाही. भिंतीला एक दार मात्र हवं, हे आजही म्हणते. मैदान मोडू नये, असं का वाटू लागलं ते सांगते.

माझं माहेर लालबागचं, वडील गिरणीत. १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या तेव्हा आम्हाला एकच आशा होती: निदान जमीन तरी लोकांना मिळेल. १९९१च्या विकास नियमावलीत तसं होतंही. गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग महापालिकेला मैदानं-बागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला. मग २००१ साली नियम बदलला. वाटणी पूर्ण जमिनीची नाही, बांधकाम नसलेल्या मोकळ्या तुकड्यापुरतीच करायची, असं ठरलं. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल उचलून धरला. गिरण्यांची जमीन सुमारे सहाशे एकर होती. आज लोअर परळला पुलावर उभं राहून बघा. मॉल दिसतील, काचेचे मनोरे दिसतील. मुलांसाठी मैदान शोधावं लागेल.

हे सगळं डोळ्यांदेखत घडलं तरी गोल्फच्या मैदानाशी मी त्याचा संबंध जोडला नव्हता. आमचं भांडण भिंत पाडण्यापुरतं होतं. भिंत पडल्यावर आत पहिलं कोण शिरेल, याचा विचार आम्ही कोणी केला नव्हता. ताडदेवला जमिनीचा भाव काय आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे मुलांच्या आधी कोण पोचेल हे सांगायला ज्योतिषी नको.

गिरगावचाच दाखला देते. १८३८च्या सुमारास कंपनी सरकारने गुरं चारण्यावर कर बसवला, तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांनी स्वतःच्या खिशातून पैसे घालून ठाकूरद्वारजवळचं कुरण विकत घेतलं आणि गुरांना फुकट चरू दिलं. इतक्या उदार हाताने सर्वांसाठी राखलेली जागा, आणि आज तिचा मागमूस नाही. मोकळी जागा टिकवायची तर तिच्यासाठी रोज भांडणारं कुणी तरी लागतं. गोल्फवाले आपल्या मैदानासाठी भांडतात. त्यांचं कारण त्यांच्यापुरतं असेल, पण गवत शाबूत राहिलंय.

पुतण्याचे साहेब चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबचे सभासद. १९२७ सालचा हा क्लब. त्यांच्याबरोबर पाहुणी म्हणून जायचं ठरलं तेव्हा मी मनातून तयारीने गेले होते: श्रीमंतांचा वेळ कसा जातो ते बघून यायचं. बघितलं ते वेगळंच. साठीतले, सत्तरीतले लोक काही तास चालत होते, उन्हात, आणि प्रत्येक फटक्यानंतर पुन्हा चालत. खेळणाऱ्याच्या आधीच्या डावांतले फटके बघून त्याला फटक्यांची सूट मिळते, त्यामुळे आजोबा आणि नातू एकाच डावात खरोखरीचे प्रतिस्पर्धी होतात. आमच्या कोणत्याही मैदानी खेळात मला हे साधता आलेलं नाही. पंच सोबत नसतो. आपले फटके आपण मोजायचे आणि खरे सांगायचे. खेळाची शिक्षिका म्हणून मला याचा हेवा वाटला.

आमच्याबरोबर जो कॅडी, म्हणजे खेळणाऱ्याच्या काठ्या वाहणारा माणूस, होता तो तिथलं गवत तळहातासारखं ओळखत होता. होलभोवतीच्या हिरवळीवर, तिला ते ग्रीन म्हणतात, मी पाय ठेवला तर म्हणाला, "ताई, टाचेवर वळू नका, गवत दुखावतं." चेंडू उंचावरून पडला की त्या मऊ जमिनीत खळगा पडतो. त्याने खिशातून एक छोटा दुतोंडी काटा काढला, खळग्याच्या कडेने खुपसून चारी बाजूंची माती आत ढकलली आणि बुटाच्या तळाने हलकेच थापटली. खळगा कुठे होता ते मला दाखवता आलं नसतं. पुढे जाताना आणखी एक दिसला, तो आमचा नव्हता. तोही त्याने बुजवला.

मुंबईत जमिनीची अशी निगा मी कुठेच पाहिलेली नाही.

पावसाळ्याचा मुद्दा तर मला फार आधी कळायला हवा होता. महालक्ष्मी आणि वरळीच्या मधून समुद्र पूर्वी आत शिरत असे. अठराव्या शतकात हॉर्नबी वेलार्डचा बांध घालून तो अडवला. म्हणजे रेसकोर्स आणि विलिंग्डनचा हा सगळा पट्टा मुळातला सखल. तिथे माती आहे म्हणून पाणी मुरतं. दरवर्षी पाणी तुंबणाऱ्या दादरच्या हिंदमाता भागात माती उरली नाही, तेव्हा पाणी साठवायला महापालिकेने प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या. त्या बांधता आल्या, कारण वर इमारती नव्हत्या.

एक आक्षेप मात्र अजून गेलेला नाही: पाणी. मुंबईचं पाणी भातसा-तानशाहून येतं आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात. प्यायचं पाणी गवताला जाता कामा नये. प्रक्रिया केलेलं सांडपाणीच वापरायला हवं, आणि ते वापरलं जातंय की नाही हे शहराला विचारता आलं पाहिजे.

आता दाराविषयी. १९१८च्या सुमारास लॉर्ड विलिंग्डन यांनी ताडदेवचा क्लब काढला तो हिंदी आणि युरोपीय माणसं एकत्र बसावीत म्हणून, कारण तेव्हा गोऱ्यांच्या क्लबांत हिंदी माणसाला प्रवेश नव्हता. शेजारी रेसकोर्सवर सकाळ-संध्याकाळ सामान्य माणसं फिरतात. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजचं ओल्ड कोर्स, जिथे जगभरचे गोल्फवाले यात्रेला गेल्यासारखे जातात, ते रविवारी खेळाला बंद असतं आणि गावातली माणसं मुलांना, कुत्र्यांना घेऊन तिथे हिंडतात. मैदानाचं त्याने काही बिघडलेलं नाही.

आपल्याकडे रविवारी सभासदांची गर्दी असते, म्हणून रविवार मागत नाही. आठवड्याच्या मधल्या एखाद्या दुपारी महापालिकेच्या शाळेतला एक वर्ग आत घ्या. मुलांना अनवाणी गवतावर पळू द्या. पुटिंगच्या, म्हणजे चेंडू हलकेच होलमध्ये ढकलण्याच्या, सरावाच्या कोपऱ्यात त्यांच्या हातात काठी द्या. शिकवायला कॅडींनाच नेमा आणि त्याचे पैसे त्यांना द्या. यासाठी मी पुन्हा सह्या गोळा करायला तयार आहे.

धाकट्या भावाला हे मान्य नाही. "ताई, दारावर पहारेकरी त्यांचाच राहणार," असं तो म्हणतो. त्याचं म्हणणं मी खोडून काढू शकलेले नाही. पुढच्या निवेदनात पहिलं कलम त्याने लिहावं आणि दुसरं मी, एवढ्यावर आमचं सध्या ठरलं आहे.